जिजावहिनींची तिसरी टेस्ट

आमच्या वडनेरात श्रावणभाऊंएवढा हुशार इलेक्ट्रिशियन दुसरा नाही, आणि हे सगळ्यात आधी तेच सांगतात. हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये त्यांनी तीस वर्षं विजेच्या मोटारी चालत्या ठेवल्या. त्यामुळे कुठलंही यंत्र बिघडलं की त्यांना त्यात जिनिंगची मोटारच दिसते. मी त्यांचा शेजारी, शाळेत मराठी शिकवतो. मला हे सगळं भोगावं लागतं, आणि खरं सांगायचं तर आवडतंही.

त्यांच्या बायकोला, जिजावहिनींना, अंगणवाडीतून निवृत्त झाल्यावर गाडी शिकायची हुक्की आली. घरच्या जुन्या तीन सिलिंडरच्या कारवर त्या झटक्यात शिकल्याही. पण वर्ध्याच्या टेस्टमध्ये अर्ध्या चढावर गाडी थांबवून, मागे न घरंगळता पुन्हा वर न्यायची असते. दोनदा गेल्या, दोन्ही वेळा गाडी तिथंच धापा टाकून बंद पडली. तिसरी टेस्ट उद्यावर आली होती आणि शिकाऊ लायसनची मुदतही उद्याच संपत होती.

"उद्या नाई जमलं तं म्या स्टेअरिंगले पुन्हा हात लावत नाई," वहिनी म्हणाल्या. हसत म्हणाल्या, पण डोळे हसत नव्हते. मला फार वाईट वाटलं.

श्रावणभाऊंनी बॉनेट उघडलं. "तुई चूकच नाई. प्लगच्या वायरी तडकल्या हायेत. जोर लावाच्या वक्ती करंट मधातच गळते, प्लगपर्यंत पोचतच नाई." आणि त्यांनी नागपूरहून मागवलेल्या जाडजूड सिलिकॉनच्या वायरी अशा काढल्या, जसा काही सुनेचा दागिना.

काम मात्र देखणं केलं. एक जुनी वायर काढायची, तिच्या जागी नवी लावायची, तिला रंगीत टेप गुंडाळायची आणि ती जिथं बसते तिथंही त्याच रंगाचा ठिपका द्यायचा. लाल, पिवळा, निळा. तीन वायरींच्या थ्री फेज मोटारींची सवय! मग ऐटीत चावी फिरवली आणि गाडी अंगात आल्यासारखी थडथडायला लागली.

"उलटी फिरून राह्यली," भाऊंनी निदान केलं. "दोन वायरी अदलाबदल केल्या का सरळ होते."

"भाऊ, ते विजेच्या मोटारीत. इंजिन उलटं कसं फिरेल?"

"मास्तर, तू आपलं व्याकरण पाह्य."

मी व्याकरण पाहिलं. त्यांनी लाल आणि पिवळी वायर बदलून चावी फिरवली. धडाम! सायलेन्सरमधून असा बार निघाला की आमच्या कोंबड्या थेट कौलांवर गेल्या. भाऊंनी आणखी दोन वायरी बदलल्या. धडाम! धडाम! गल्लीच्या टोकाच्या शकुबाई काठी टेकत आल्या आणि त्यांनी विचारलं, "कोनाची वरात हाय रे?" मी हसून हसून ओट्यावर आडवा झालो. भाऊ काजळी लागलेल्या तोंडानं माझ्याकडे असे बघत होते, की मला आणखीच हसू येत होतं.

तेवढ्यात वहिनी पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या. त्यांनी इंजिनात वाकून पाहिलं.

"अवो, हे टेपा काऊन लावल्या होत्या?"

"ओळख राहावी म्हणून."

"मंग वळखलं काऊन नाई?"

भाऊंनी तोंडावरची काजळी पुसायला घेतली. वहिनींनी अंगणवाडीतली पोरं जागेवर बसवावीत तशा तिन्ही वायरी रंगाला रंग जुळवून लावल्या आणि एकेक दाबून पाहिली. लाल, टक. पिवळी, टक. निळी मात्र काही बोलेना. "हे बसलीच नाई धड. म्हणून थडथडत होती बिचारी." त्यांनी पंजाचा सगळा जोर लावला. टक! वायरीच्या रबरी टोपीला पीठ चिकटलं. चावी फिरवताच इंजिन असं गोड गुरगुरायला लागलं की मी टाळ्याच वाजवल्या.

"म्या सांगत होतो, वायरीचाच दोष हाय," श्रावणभाऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं पुरुष वर्ध्याच्या मैदानाच्या कडेला उभे. वहिनी चढाच्या मध्यावर थांबल्या. मागं एक पोरगा हॉर्न वाजवायला लागला. श्रावणभाऊंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बोटांना मुंग्या आल्या. मग गाडी हुंकारली आणि एक बोटभरही मागे न सरकता सरळ वर गेली. वर थांबायचं होतं. वहिनी थांबल्या नाहीत. पलीकडच्या उतारानं खाली येऊन, वळून पुन्हा चढावर आल्या, मध्यावर थांबल्या आणि पुन्हा वर!

"अहो बाई, झालं! पास आहात तुम्ही!" टेस्ट घेणारे साहेब ओरडत मागे धावत होते.

परतीला स्टेअरिंग त्यांच्याकडेच. भाऊ बाजूला, मी मागे. वर्ध्याच्या चौकात घराकडे जाणारा हिंगणघाटचा रस्ता आला आणि गेला.

"अवं, कुठं चालली?"

"पुलगावले. जागृतीकडे."

जागृतीची, त्यांच्या लेकीची, पुलगावला बदली होऊन वर्ष झालं होतं. भाऊंना वेळ मिळेल तेव्हा जायचं ठरलं होतं.

"मले इचारलं तरी काय?"

वहिनींनी गिअर बदलला. "या गाडीत वीस वर्षं तुमच्या बाजूले बसली. म्या कधी इचारलं का, कुठं चाल्लो म्हणून?"

श्रावणभाऊंनी आपल्या बाजूची काच खाली केली, कोपर बाहेर टेकवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा रस्त्याच्या कडेची शेतं बघायला लागले.