तटस्थ आचारी

आचारीबुवांनी जन्मात कधी कुणाची बाजू घेतली नाही. घरात आई आणि बायकोचं वाजलं, की हे गॅलरीत जाऊन कुंड्यांना पाणी घालत बसायचे. भांडण लांबलं की रोपं कुजायची. बायको चिडायची, "आमचे हे तटस्थ! तटावर उभं राहून बुडणाऱ्याकडे बघणारे!" आचारीबुवा हसण्यावारी न्यायचे. नौदलाच्या जहाजावर इतक्या तोंडांना जेवू घालायचं, त्यात ज्याच्या-त्याच्या भांडणात पडलं तर भाजी करपते, असं त्यांचं म्हणणं.

परक्या दोन देशांची लढाई जुंपली, तेव्हा त्यांचं जहाजही तटस्थच होतं. कुणाच्या अध्यात ना मध्यात. आपल्या मालवाहू बोटींवर लक्ष ठेवायचं, एवढंच काम. त्या सकाळी आचारीबुवा मागच्या डेकवर बटाटे सोलत होते. स्वयंपाकघरात उकडायचं, म्हणून ते नेहमी तिथेच बसायचे. एक विमान इतकं खालून गेलं, की आतल्या माणसाचा चेहरा दिसला. आचारीबुवांनी सोलायच्या सुरीसकट हात हलवला. त्यानेही हात केला.

"पाववाल्या, बाहेर ये, गंमत बघ!" त्यांनी भट्टीवरच्या जोडीदाराला हाक मारली. पाववाला पिठाचे हात पुसत आला. विमान वळून परत आलं. दोघांनी हात हलवले, आणि या खेपेला त्याने गोळ्या झाडल्या. पाववाला जागच्या जागी गेला. आचारीबुवा बटाट्यांच्या मोठ्या टोपामागे आडवे झाले, म्हणून वाचले.

विमान ज्या देशाचं होतं, त्याने माफी मागितली. शत्रूचं जहाज समजून चुकून हल्ला झाला म्हणाले. आपल्या सरकारलाही प्रकरण वाढवायचं नव्हतं. चौकशीचा अधिकारी तसा काही वाईट माणूस नव्हता. त्याने आचारीबुवांना चहा पाजला आणि समजावलं, "तुमच्या हातात सुरी होती ना? त्याला वाटलं असेल, धमकावताय. चूक होऊ शकते. तेवढंच म्हणा. उगाच नोकरीवर गदा कशाला आणताय?"

"होऊ शकते," आचारीबुवा म्हणाले. सवयच तशी. पण घरी आल्यावर त्यांना स्वतःची किळस आली.

पुढे एके दिवशी पाववाल्याची बायको आली. खुर्चीच्या कडेवर टेकून म्हणाली, "भावोजी, सगळे म्हणतात चुकून झालं. मग मीही सासूबाईंना तसंच सांगते. पण तुम्ही तिथे होतात, म्हणून एकदा विचारते."

'होऊ शकतं' हे शब्द आचारीबुवांच्या अगदी ओठांवर आले होते. म्हटलं असतं, तर तीही चहा घेऊन गेली असती आणि नोकरीही शाबूत राहिली असती.

"नाही वहिनी," ते म्हणाले. "चूक नव्हती. त्याने आम्हाला चांगलं पाहिलं होतं. हात केला होता त्याने. आणि पाववाल्याला बाहेर मीच बोलावलं."

मग तिने विचारलं, "यांनीही हात केला होता का त्याला?"

"केला ना. हसत होता वेडा."

तिने डोळे पुसले आणि उभी राहिली.

"चला मग," ती म्हणाली. "त्या चौकशीच्या साहेबासमोर हेच सांगा. मी येते बरोबर."

आचारीबुवांच्या बायकोने त्यांच्या चपला पुढे सरकवल्या.