ट्रॅक कोरडा होता

साचिकोचा फोन आला तेव्हा मी मुलीच्या स्विमिंग क्लासला तलावाकाठच्या बाकावर बसलो होतो. "कदम-सान, नोबोरु आज सकाळी गेला," ती म्हणाली, आणि लगेच, "सॉरी, तू कामात असशील." नवरा गेल्याची बातमी देतानाही आपण समोरच्याला त्रास देतोय, याचीच तिला काळजी. मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. मुलगी पाण्यातून डोकं वर काढून "बाबा, आर यू वॉचिंग?" म्हणून ओरडत होती आणि मी मख्खासारखा तिला हात हलवून दाखवत होतो, एवढं आठवतं. नोबोरु हायामा चाळिशीसुद्धा गाठू शकला नाही. ताशी दोनशे मैलांच्या वर गाडी हाकणारा माणूस, भिंतीवर आपटूनही दोन-चार हाडांवर निभावला होता, आणि शेवटी पोटाच्या कॅन्सरने घरच्या अंथरुणावर नेला. मराठी वाचकांना हे नाव माहीत असायचं कारण नाही. शर्यतींच्या जगात जिंकलेल्यांची नावं राहतात, आणि नोबोरु अमेरिकेत एकही शर्यत जिंकला नाही. का जिंकला नाही, ते सांगायला मी हे लिहितो आहे.

आमची ओळख २००१ सालची, इंडियानापोलिसमधली. मेकॅनिकलमध्ये मास्टर्स करून मी एका रेसिंग टीममध्ये गाडीच्या संगणकावरची माहिती तपासायचं काम करत होतो. नोबोरु त्याच वर्षी आमच्याकडे आला. नागोयाजवळच्या गावात लहानपणी कार्टिंग, मग जपानची अजिंक्यपदं, मग युरोपात सगळ्यात वरच्या पातळीवर दोन मोसम… पण तिथे त्याला मिळालेली गाडी इतकी रडकी होती की शेवटून तिसरा आला तरी मेकॅनिक टाळ्या वाजवायचे. अमेरिकेत येताना त्याच्यामागे एक जपानी इंजिन कंपनी होती, त्यामुळे इथे सगळे तोंडावर गोड बोलायचे आणि पाठ फिरली की "कंपनीने बसवलेला" म्हणायचे. इथल्या शर्यती बहुतेक ओव्हलवर, म्हणजे अंडाकृती ट्रॅकवर. तासन्‌तास डावीकडे वळत राहायचं. हे मी आईला फोनवर समजावलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे घाण्याचा बैलच की रे!" मी ते नोबोरुला भाषांतर करून सांगितलं. तो पोट धरून हसला आणि पुढे कधी शर्यत वाईट गेली की हेल्मेट काढता काढता म्हणायचा, "तुझ्या आईला सांग, आज बैल दमला."

त्याच्यामुळेच मी स्पॉटर झालो. हेल्मेट आणि मानेभोवतीचं आवरण यांमुळे चालकाला शेजारून कोण येतंय ते नीट दिसत नाही. म्हणून प्रेक्षकांच्या स्टँडच्या छपरावर प्रत्येक टीमचा एक माणूस दुर्बीण आणि रेडिओ घेऊन उभा असतो आणि चालकाच्या कानात सांगत राहतो, आत एक गाडी आहे, अजून आहे, अजून आहे… मोकळं. 'मोकळं' ऐकलं की चालक वळून बघत नाही, सरळ गाडी आत घालतो. आमचा आधीचा स्पॉटर तिथलाच, बोलायला लागला की धबधबा. नोबोरुने महिनाभर सोसलं आणि मग टीमचा मुख्य वॉल्टर याला अत्यंत अदबीने विचारलं, तो कॉम्प्युटरवाला इंडियन मिळेल का? तो एकेक शब्द पूर्ण बोलतो. सांगलीच्या मराठी शाळेत पाचवीपासून शिकलेलं माझं इंग्रजी! युनिव्हर्सिटीत लोक त्याच्यावर हसायचे. ते जगात कुणाच्या तरी कामी आलं, याचा मला आजही अभिमान आहे.

साचिको नागोयात फार्मासिस्ट होती. इथे तिला काम करायची परवानगी नव्हती, आणि माझी बायको अनिता हीसुद्धा डिपेंडंट व्हिसावर घरात बसून वैतागलेली. दोघींचं जमलं ते तिथेच. रविवारी शर्यत नसेल तर ती दोघं आमच्याकडे जेवायला यायची. पहिल्यांदा अनिता मला स्वयंपाकघरातून कुजबुजत विचारत होती, "अहो, तिखट किती घालू? उद्या प्रॅक्टिस आहे ना त्यांची?" शेवटी तिने साधा वरणभात केला. नोबोरुने तो चाटूनपुसून खाल्लाच, शिवाय सासूबाईंनी पाठवलेलं मुरलेलं लिंबाचं लोणचं तोंडात टाकून डोळे मिटले आणि म्हणाला, अगदी माझ्या आजीच्या खारवलेल्या आलुबुखारासारखं आंबट-खारट. साचिको मात्र जेवताना एकच विषय काढायची. "एक शर्यत," ती अनिताला म्हणायची, "एकदाच जिंकू दे त्याला. मग ताठ मानेने घरी जाऊ." कंपनीने बसवलेला नवरा आणि त्याच्या पाठोपाठ सगळं सोडून आलेली बायको… तिला त्या एका विजयाने दोघांचाही हिशेब चुकता करायचा होता. वर्षामागून वर्षं गेली. तो दुसरा आला, चौथा आला, दोनदा भिंतीला लागला. चौथ्या मोसमात कंपनीने सांगून टाकलं की यंदा विजय नाही तर पुढच्या वर्षी करार नाही.

त्या मोसमाच्या अखेरीस मध्यपश्चिमेतल्या एका ट्रॅकवर ती शर्यत झाली. अर्ध्याहून जास्त अंतर झालं होतं. पुढचे सगळे इंधन भरायला आत गेले आणि वॉल्टरने जुगार खेळून नोबोरुला बाहेरच ठेवलं. नोबोरु पहिला, आणि त्याच वेळी पाऊस. ओव्हलवर ओल्या रस्त्यावर गाड्या पळवत नाहीत. लाल झेंडा निघाला, गाड्या थांबल्या, त्यांच्यावर आच्छादनं आली. नियम असा, की अर्धी शर्यत झालेली असली आणि पुन्हा सुरू करता आली नाही, तर त्या क्षणी जो पुढे तो विजेता. ट्रॅकवर दिवे नव्हते आणि संध्याकाळ उतरत होती. म्हणजे थोडा वेळ असाच जाऊ द्यायचा, की नोबोरु जिंकलाच. आणि शर्यत सुरू झाली तर त्याला इंधनासाठी आत यावंच लागणार, म्हणजे हरलाच. छपरावर भिजत मी मनातल्या मनात आमच्या गणपतीला साकडं घालत होतो, अंधार पडेपर्यंत पाऊस टिकू दे म्हणून. त्याने अर्धवटच ऐकलं. पाऊस थांबला. ट्रॅक वाळवायची यंत्रं फिरली, आणि उरलेल्या उजेडात गाड्या हळूहळू फेऱ्या मारायला सोडल्या.

मग अधिकाऱ्यांनी पुढच्या तिघा चालकांना आपापल्या टीममार्फत विचारलं, ट्रॅक कसा आहे? दुसऱ्याने अर्थातच कोरडा सांगितला. तिसरा म्हणाला, सांगता येत नाही. सगळं नोबोरुवर आलं. वॉल्टरचा आवाज रेडिओवर मी इतका मऊ कधीच ऐकला नव्हता. "नोबोरु, ट्रॅक कसा वाटतोय ते त्यांना हवंय. नीट विचार कर. घाई नाही." त्याचा अर्थ न समजायला नोबोरु काही दुधखुळा नव्हता. 'तिसऱ्या वळणावर घसरतंय' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. त्याने एक फेरी पूर्ण मारली. काहीच बोलला नाही… आणि मग म्हणाला, "कोरडा आहे. सगळीकडे." माझ्या तोंडातून अस्सल सांगलीची शिवी निघाली. नशीब, रेडिओचं बटण दाबलेलं नव्हतं. दुर्बिणीतून मलाही दिसत होतं, ट्रॅक खरंच कोरडा होता. शर्यत सुरू झाली, नोबोरु इंधनासाठी आत आला आणि नववा आला.

मी छपरावरून उतरलो तो तावातावाने. टीमच्या ट्रकमागे तो एकटाच बसला होता. "तुला कळलं नव्हतं का ते काय विचारतायत?" मी ओरडलो. "कळलं होतं." "मग?" तो म्हणाला, "तू 'मोकळं' म्हणतोस आणि मी न बघता वळतो. तू म्हणालास म्हणून. त्यांनी मला विचारलं. मी काय सांगायचं?" तेव्हा मला त्याचा संतापच आला होता. मग त्यानेच मान खाली घालून सांगितलं, "घरी सांगू नकोस, मला विचारलं होतं म्हणून." मी म्हटलं, एवढं खरं बोललास आणि बायकोपासून लपवणार? तो म्हणाला, "तिला इथे माझ्याशिवाय कोण आहे? माझ्यावर रागावली तर जेवायला कुणाबरोबर बसेल?" घर सोडून आलेल्या माणसालाच असलं काही सुचतं. टीव्हीवर एवढंच सांगितलं होतं की अधिकाऱ्यांना ट्रॅक योग्य वाटला. साचिकोने तेच धरलं. जपानी माणूस जिंकायला नको होता म्हणून मुद्दाम शर्यत पुन्हा सुरू केली, असं ती आमच्या घरी टेबलावर मूठ आपटून म्हणाली आणि नोबोरु खाली बघून वरणभात कालवत राहिला. मी अनितालाही काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते दुसऱ्या दिवशी साचिकोला कळलं असतं!

करार गेला. नोबोरु कुणाकुणाचे टायर तपासून देई, शनिवारी मुलांना कार्टिंग शिकवी. ताठ मानेने जायचं म्हणून ती दोघं परत गेली नाहीत आणि जायचंच आहे म्हणून इथे रुजलीही नाहीत. साचिकोने ट्रॅकवर पाय ठेवणं सोडलं, टीमच्या लोकांशी बोलणं सोडलं. मीही रेसिंग सोडून नॉर्थ कॅरोलायनात, मॉरिसव्हिलला आयटीत आलो आणि भेटी कमी झाल्या, याची आता फार चुटपुट लागते. शेवटचा भेटलो तो या हिवाळ्यात. उशीला टेकून बसला होता, हात काटकीसारखे झालेले. साचिको खाली चहा करत होती. मी धीर करून विचारलं, त्या दिवसाचा पश्चात्ताप होतो का रे? "ट्रॅकवरच्या उत्तराचा नाही," तो म्हणाला. "तिने कधी विचारलं तर खरं सांग. विचारलं तरच."

तिने विचारलं. आपल्याकडे तेरावं असतं तसा त्यांच्याकडे एकोणपन्नासावा दिवस. मी आणि अनिता गेलो होतो. पुढच्या खोलीत छोटा देव्हारा, त्यात त्याचा फोटो, पुढे वाटीत भात. पाहुणे गेल्यावर साचिको माझ्यासमोर बसली. "तू वर छपरावर होतास. त्या दिवशी शर्यत पुन्हा सुरू करायचं नक्की कुणी ठरवलं?" मी सांगितलं. वॉल्टरचं 'घाई नाही', ती गप्प फेरी, 'कोरडा आहे', आणि ट्रकमागे तो जेवणाबद्दल जे बोलला तेही. अनिता माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे इतकी वर्षं मी उगाच त्या लोकांवर रागावत होते," साचिको म्हणाली, "आणि हा रोज समोर बसून जेवत होता." मला वाटलं आता ती रडेल. ती उठली, स्वयंपाकघरातून स्वतःसाठी भाताची वाटी आणि चॉपस्टिक्स घेऊन आली आणि फोटोसमोर मांडी ठोकून बसली. आमच्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही आता जा, प्लीज. आमचं भांडण राहिलंय."

आम्ही गाडीत येऊन बसलो. घराची खिडकी उघडी होती. आतून तिचा चढलेला आवाज येत होता, जपानीत, भराभर. मधेच ती थांबायची… त्याला बोलायला वेळ दिल्यासारखी… आणि मग पुन्हा सुरू व्हायची. अनिता म्हणाली, "अहो, काढा ना गाडी." मला काही केल्या किल्ली फिरवता येईना.