चावी मी दिली

"आपण बोलावलंय, आपली जबाबदारी." गाडीच्या चाकाजवळ उकिडवे बसून, अंगठ्याने टायर दाबत अण्णा हे म्हणायचे. दहा-बारा गाड्यांची चाकं अशी दाबून झाल्याशिवाय कुणालाही गाडी सुरू करायची परवानगी नसे.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याचं नाव ऐकलं की घरचे निर्धास्त होतात. आमच्या बायका फक्त एवढंच विचारत, "अण्णा आहेत ना?" आहेत म्हटलं की पुढचा प्रश्न येत नसे.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात ते यंत्रमाग दुरुस्त करायचे. मी तिथंच संगणकावर टॉवेलच्या किनारीची नक्षी काढतो. सगळे माग एकदम धडधडत असताना अण्णा दारातूनच सांगत, "सात नंबर रडतोय." जाऊन बघावं तर सात नंबरचाच पट्टा सैल झालेला. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी, आणि वय पन्नाशीच्या पुढं गेलं तरी मोटरसायकलचं वेड विशीतलं.

सुट्टीच्या सकाळी सगळ्यांनी मिळून लांब फेरी मारायची ही कल्पना त्यांचीच. ते सगळ्यांत पुढे, मी सगळ्यांत मागे. त्यांच्या पुढं कुणी जायचं नाही आणि माझ्या मागं कुणी राहायचं नाही. एकदा सख्ख्या मेव्हण्याला हेल्मेट नाही म्हणून त्यांनी नाक्यावरून परत पाठवलं. बायकोने दोन दिवस अबोला धरला. "बोलंल की," अण्णा म्हणाले, "भाऊ धड हाय म्हणून तर रुसायला सुचतंय."

आमच्यात एका वकिलाकडचा कारकून होता. तो त्यांना बजावायचा, "अण्णा, ग्रुपवर 'जबाबदारी माझी' असलं लिहीत जाऊ नका. बोललेलं विरून जातं, लिहिलेलं राहतं."

"राहू दे की. खोटं थोडंच लिहितोय?"

आम्ही सगळे हसलो होतो. कारकून मात्र हसला नव्हता, हे मला फार नंतर आठवलं.

अण्णांचा एक लहानपणापासूनचा दोस्त ताण्याचा सूत गुंडाळायच्या वार्पिंग खात्यात होता. त्याची बायको वारली आणि हा माणूस कामावरून थेट घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून पडू लागला. अण्णा रोज त्याच्याकडे जात. एका रविवारी त्यांनी त्याला ओढूनच आणलं. अण्णांकडे दोन गाड्या होत्या. जुनी ते स्वतः चालवत, नवी जड गाडी त्यांनी दोस्तासमोर उभी केली.

"माझं लायसन संपलंय रे," दोस्त हळूच म्हणाला. "वरीस होऊन गेलं."

दुसरा कुणी असता तर अण्णांनी तिथूनच परत धाडला असता. ते क्षणभर थांबले. दोस्ताने बऱ्याच दिवसांनी दाढी केली होती, धुतलेला शर्ट घातला होता. अण्णांनी खिशातून चावी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. "पुढच्या आठवड्यात करू की. चल."

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. बाकी कुणी जवळ नव्हतं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मला बोलायला हवं होतं. मी हेल्मेटचा पट्टा आवळला.

सांगोल्याच्या रस्त्याने जाऊन आम्ही परत फिरलो तेव्हा नऊ वाजले असतील. एका वळणापुढे मेंढरं रस्ता ओलांडत होती. अण्णांनी हात वर केला, सगळ्यांनी वेग कमी केला. दोस्ताला त्या गाडीचा अंदाज आला नाही. मेंढरं चुकवायला त्याने गाडी डावीकडे घेतली, आणि डावीकडे कडेला एक म्हातारा मेंढपाळ वाकून कोकरू उचलत होता.

मागून मला फक्त घोंगडी वर उडालेली दिसली.

मेंढरं थांबली नाहीत, तशीच पलीकडे जात राहिली. दोस्त गाडीखाली पाय अडकून ओरडत होता. अण्णा धावत आले आणि म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले. म्हातारा शुद्धीवर होता.

"मेंढरं गेली का पल्याड?" त्याने विचारलं.

"गेली, आजोबा. समदी गेली."

दवाखान्यात नेताना वाटेतच तो गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे माझ्या घरी जमले. ग्रुपवरचे निरोप एव्हाना ज्याने त्याने पुसले होते. अण्णांनी चावीचं खरं सांगितलं तसा कारकून खालच्या आवाजात बोलू लागला, "अण्णा, फिरायला बोलावलं एवढ्यावरून कायदा तुम्हाला धरणार नाही. पण गाडी तुमची. लायसन नाही हे माहीत असून दिली, तिथं तुम्ही अडकता. विमा कंपनी म्हाताऱ्याच्या घरच्यांना पैसे देईल आणि तुमच्याकडून वसूल करेल. वर पोलीस केस. म्हणून सांगायचं, चावी त्याने न विचारता नेली."

"म्हंजे त्यो चोर ठरंल."

"त्याच्यावर केस आहेच. त्यात आणखी एक."

एकाने खिडकी लावून घेतली. बाहेर कुणीही नव्हतं, तरी त्या वेळी ते बरोबर वाटलं.

संध्याकाळी अण्णा दवाखान्यात गेले, सोबत मी होतो. दोस्ताचा पाय वर टांगलेला. आम्ही काही सांगायच्या आतच तो म्हणाला, "मला चोर म्हण. खुशाल म्हण. तुझी पोरगी लग्नाची हाय. माझ्या मागं कोण हाय?"

अण्णांनी त्याच्या उशाशी पडलेला कंगवा उचलला आणि त्याचे केस विंचरून दिले. बराच वेळ विंचरत राहिले. मग म्हणाले, "बायको गेल्यापासनं तू माझंच ऐकत आलास. हेबी ऐक. गप पडून राहा."

दुसऱ्या दिवशी ते चौकीत गेले. मी त्यांच्या मागे उभा होतो.

"चावी मी दिली. लायसन संपलेलं मला माहीत हुतं."

"देताना कोणी पाहिलं?" लिहून घेणाऱ्या हवालदाराने विचारलं.

अण्णांनी मागे वळून पाहिलं नाही.

"कुणी न्हाय. बाकीचे आपापले आले हुते."

हवालदाराने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही कोण?"

"एकाच कारखान्यात आहोत," मी म्हणालो. तेवढंच.

प्रकरण दोन वर्षं चाललं. कोर्ट-वकिलाच्या खर्चापायी दोन्ही गाड्या विकल्या गेल्या, घराचा पुढचा भागही. पोरीचं ठरत आलेलं लग्न मोडलं, का ते पाहुण्यांनी सांगितलं नाही. अण्णा कामावर पायी येऊ लागले. माग बिघडला की जवळ जाऊन हात लावूनच बघायचे. दारातून ओळखणं संपलं होतं. ग्रुप नव्याने निघाला, नव्या माणसाने वर लिहिलं, 'प्रत्येकाने स्वतःच्या जबाबदारीवर यावे.' त्यात अण्णा नव्हते. मी आहे.

निकालाच्या दिवशी मी कोर्टात गेलो, पण आत शिरलो नाही. आवारात कडुलिंबाखाली उभा राहिलो. भरपाई आधी विमा कंपनीने द्यायची आणि मग अण्णांकडून वसूल करायची, असं ठरल्याचं बाहेर आलेल्या लोकांच्या बोलण्यातून कळलं. थोड्या वेळाने अण्णा पायऱ्या उतरले. मागोमाग म्हाताऱ्याचा मुलगा आला. रापलेला, धिप्पाड माणूस. त्याने अण्णांना हाक मारली. आता हा हात उचलतोय, असं मला वाटलं.

त्याने हात उचलला नाही. म्हणाला, "तुमी एकलंच खरं बोललासा. त्या दिशी लई गाड्या हुत्या. बाकीचं कुटं हायत?"

अण्णांची नजर आवारावरून फिरली. माझ्यावर आली. थांबली.

मी हललो नाही.

"न्हाईत आलं कुणी," अण्णा म्हणाले.

मग ते दोघं फाटकातून बाहेर पडले आणि एसटी स्टँडच्या दिशेने चालू लागले, एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून. त्या महिन्यात अण्णांनी नोकरी सोडली. घराला आता दुसऱ्याचं कुलूप आहे. ते कुठे गेले हे शेजारच्यांना ठाऊक नाही, आणि मी विचारलं तेव्हा त्यांनी मलाच उलट विचारलं, "तुम्ही त्यांचे कोण?"