तिसरी पिन

सदर महिला, वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, बांधा सडपातळ, केस आखूड व पांढरे, उजव्या तर्जनीवर भाजल्याचा जुना वण, जवळ सदैव स्क्रूड्रायव्हर. स्वभाव तापट. सदर महिलेने सभागृहातील कार्यक्रमात कोणतेही सबळ कारण नसताना व्यत्यय आणला असल्याने तिला आवारात प्रवेश देण्यात येऊ नये.

हे वर्णन सभागृहाच्या मागच्या दाराशी, रखवालदाराच्या खुर्चीच्या वर डकवलेले आहे. रखवालदाराला त्याची गरज नाही. त्याचा रेडिओ तिनेच दुरुस्त केला होता, आणि तो आणून देताना जे ऐकून घ्यावे लागले ते तो अजून विसरलेला नाही.

तिला सगळे आत्या म्हणतात. खरी आत्या ती एकाच माणसाची, गिटार वाजवणाऱ्या भाच्याची. पण त्याचे मित्र दुकानात येऊ लागले, त्यांच्या मागून गिऱ्हाइके आली, आणि नाते फुकटात सगळ्यांना मिळाले. आत्या व्हॉल्व्हवर चालणारे ॲम्प्लिफायर दुरुस्त करते. काचेचे ते व्हॉल्व्ह दिव्यासारखे पेटतात, तव्यासारखे तापतात, आणि त्यांच्यातून येणाऱ्या आवाजाला जाणकार ‘ऊबदार’ म्हणतात. हा शब्द दुकानात उच्चारला तर आत्या विचारते, आवाज ऐकायचाय की पांघरायचाय?

हे ॲम्प्लिफायर थोडेफार गुणगुणतात. धंद्यात त्याला हमिंग म्हणतात. काही हमिंग बिघाडाचे असते, ते आत्या काढते. उरलेले यंत्राच्या श्वासासारखे असते. ते गिऱ्हाइकाला नको असते. घरी फ्रिज दिवसभर घूं करतो, त्याला उचलून आणलंत का कधी, असे ती विचारते आणि गिऱ्हाईक भावाकडे बघते. धाकटा भाऊ, म्हणजे भाच्याचा बाप, दुकानात पुढे बसतो आणि गोड बोलतो. घरात ते काम करायला दुसरे कोणी नव्हते.

हा भाऊ पूर्वी स्वतः वाजवायचा आणि गायचाही. आता त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे वाकली आहेत ती वाकलेलीच, आणि चारही बोटांवर तारांच्या खुणा आहेत. एका कार्यक्रमात ॲम्प्लिफायरमधला करंट तारांत उतरला, तारा हातात होत्या, आणि ओठ माइकला टेकले. ॲम्प्लिफायर ताईने, म्हणजे आत्याने, दुरुस्त केलेला होता. घरात ही हकिगत इतकीच सांगितली जाते. आत्या त्यावर कधी अवाक्षर काढत नाही. साध्या हमिंगवर तासभर बोलणारी बाई इथेच गप्प का, हे कोणाला खटकले नाही. अपराधी वाटत असेल, असे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकले.

आता सभागृहातला प्रकार. भाच्याच्या चमूचा कार्यक्रम होता आणि तो थेट रेकॉर्ड होणार होता. संध्याकाळी तयारी करताना हमिंग आले. आत्याने पाहिले तर दोष तिच्या ॲम्प्लिफायरचा नव्हताच. तो रंगमंचावरच्या बोर्डात लावलेला, आणि रेकॉर्डिंगचे यंत्र मागच्या खोलीतल्या बोर्डात. दोन्ही एका वायरने जोडले की अर्थिंगच्या दोन वाटा तयार होतात, आणि मग घूं सुरू होते. तिने सांगितले, दोन्ही एकाच बोर्डावर घ्या, लांब वायर टाका. व्यवस्थापकांनी सांगितले की प्रेक्षकांच्या वाटेत वायर टाकणे नियमात बसत नाही. मग हमिंग राहू द्या, असे म्हणून ती तिसऱ्या रांगेत जाऊन बसली. साउंडवाला म्हणाला, आत्या, बसा निवांत, मी बघतो.

त्याने बघितले. म्हणजे पक्कड घेतली आणि ॲम्प्लिफायरच्या प्लगची वरची जाड पिन मोडून टाकली. ती अर्थिंगची पिन. ती गेली की हमिंग तत्क्षणी थांबते आणि दुसरे काहीही होत नाही. हेच तर वाईट. एरवी आत कुठे करंट गळला तर तो त्या पिनेवाटे जमिनीत जातो. पिन नसली तर तो तारांमध्ये वाट बघत बसतो, कोणीतरी माइकला ओठ लावेपर्यंत.

पडदा सरकला. सभागृह शांत होते. व्यवस्थापक खूश, साउंडवाला त्याहून खूश. आत्याने ती शांतता ऐकली आणि ती खुर्चीतून उठली. इतक्या थोड्या वेळात घूं जायला रस्ता एकच होता. भाचा गिटार गळ्यात अडकवून माइककडे चालत होता.

ती पायऱ्या चढून रंगमंचावर गेली आणि प्लग ओढला. रेकॉर्डिंग तिथेच संपले. व्यवस्थापक धावत आले. ती दोन पिनांचा प्लग त्यांच्या नाकासमोर धरून उभी राहिली. ते म्हणाले, तुमची दुरुस्ती पक्की असेल तर करंट येईलच कशाला?

“पक्की आहे. कधी बिघडेल ते मला माहीत नाही,” आत्या म्हणाली. “तुम्हाला माहीत असेल तर हा लावते परत. एक हात तारांवर ठेवा, एक माइकवर.”

व्यवस्थापकांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि रखवालदाराला बोलावले.

ॲम्प्लिफायर नंतर तपासला. त्यात कुठेही गळती नव्हती. त्या दिवशी कोणालाही काही झाले नसते. ‘कोणतेही सबळ कारण नसताना’ हे शब्द तिथून आले, आणि कागदोपत्री ते बरोबर आहेत.

भाचा तिच्याशी बोलेना. घरात सगळे एकाच टेबलावर जेवतात, त्यामुळे न बोलणे सगळ्यांच्या पानात वाढले जाते. शेवटी तो बापाकडे बघून बोलला. म्हणाला, आत्याने एकदा तुमच्या वेळी घोळ घातला, त्याची भीती आता माझ्यावर काढते. माझं रेकॉर्डिंग गेलं, लोक हसले, आणि आत करंट नव्हताच.

भावाने हातातला घास पानात परत ठेवला.

“पिन मी तोडली होती,” तो म्हणाला.

“कुठली पिन?”

“माझ्या वेळची. ताई म्हणाली होती, हमिंग राहू दे. मला लाज वाटत होती त्या आवाजाची. ती चहाला गेली तेवढ्यात तोडली. पुढे गाणं चालू असताना आतला एक भाग जळला. दुरुस्ती कोणीही केली असती तरी तो जळलाच असता.”

भाच्याने आत्याकडे पाहिले. आत्या भावाकडे पाहत होती, आणि त्या नजरेत माया शोधू नये.

“तुला ठाऊक होतं?” भावाने विचारले.

“तो प्लग मीच उचलला त्या दिवशी. ठाऊक नसायला मी काय साउंडवाला आहे?”

“मग बोलली का नाहीस?”

“तू दवाखान्यात होतास. नंतर घरी आलास. मग म्हटलं, हा बोलेल.” तिने ताट बाजूला सारले. “अर्ध्या गावाने माझ्याकडे यंत्रं टाकायची बंद केली. तू पुढे बसून उरलेल्यांशी गोड बोलत राहिलास. खूप गोड बोलतोस तू.”

ती उठून दुकानात गेली. तिचा राग उतरला असे समजायला कारण नाही. दुसऱ्या दिवशी तिने एका गिऱ्हाइकाला ‘ऊबदार’वरून जिन्यापर्यंत पोहोचवले, आणि भाऊ मध्ये पडला तेव्हा त्यालाही.

सभागृहातले वर्णन अजून जागेवर आहे. भाचा तिथे मागच्या दाराने जातो, त्यामुळे त्याला ते दर वेळी वाचायला मिळते. त्याच्या ॲम्प्लिफायरला नवा प्लग आहे. तो त्याने स्वतः बसवला. त्याला तीन पिना आहेत, आणि ॲम्प्लिफायर गुणगुणतो.