तिच्या आजोबांच्या अर्जाला नंबर होता

आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत, पार्किंगमधल्या कट्ट्यावर संध्याकाळी बोलायचा हक्क गेली बावीस वर्षं माझा आहे. अध्यक्ष बदलतात, लिफ्ट बंद पडते, मी असतोच. माझ्या आजोबांनी या कट्ट्यावर आजवर सात वाघ मारले. त्यातले दोन तर निव्वळ चिडून. लोक 'पुढे?' म्हणतात, तेवढ्यावर माझं उत्तम चाललं होतं.

मग वरच्या मजल्यावरच्या निवृत्त बँकवाल्यांकडे टांझानियाची एक मुलगी भाड्याने राहायला आली. पीएच.डी.ला. विषय काय, तर जे मुलूख संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली दुसऱ्यांना नुसते सांभाळायला दिले होते, ते स्वतंत्र कसे झाले. मी मनात म्हटलं, कट्टा झोपणार. एकही माणूस झोपला नाही.

तिचं मराठी बँकवाल्यांच्या बायकोकडून शिकलेलं, अडलं की इंग्रजी. तिचा देश तेव्हा टांगानिका. आधी जर्मनांचा, ते पहिलं महायुद्ध हरल्यावर इंग्रजांच्या ताब्यात दिलेला, पण अटी घालून. आधी जिनिव्हाला, नंतर न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांकडे दरवर्षी अहवाल पाठवायचा. शेवटी तर लोकांना राज्य चालवण्याजोगं करून निघायचंही इंग्रजांकडून कबूल करून घेतलं. मधूनमधून न्यूयॉर्कहून तपासणीचं मंडळ येई आणि गावातला कोणीही उठून त्यांच्या हातात अर्ज देऊ शके. तिच्या आजोबांनी दिला. ते शाळामास्तर. गावाचं कुरण एका गोऱ्या मळेवाल्याला दिलं होतं, ते परत मागितलं. पुढे न्यूयॉर्कहून छापील कागद आला. वर अर्जाचा नंबर, आजोबांचं नाव आणि खाली इंग्रज सरकारचा खुलासा. कुरण काही मिळालं नाही. पण सरकारला खुलासा करावा लागला होता, एका मास्तरला! एकसष्ट साली देशच मोकळा झाला.

"नंबर पडला," बँकवाले म्हणाले, गाभाऱ्यात बोलावं तसं.

माझ्या बाथरूमच्या गळतीचे तीन अर्ज सोसायटीच्या कमिटीकडे पडून आहेत, एकालाही नंबर नाही. मी असा जळलो की धूर स्वारगेटवरून दिसला असता. आमच्या डोक्यावरही तेच इंग्रज, तेही दीडशे वर्षं. आमच्याकडे तपासायला कोण आलं? आणि आता सलग बारा संध्याकाळी लोक तिला 'पुढे?' म्हणत होते. मला बँकवाल्यांनी एकदा 'आपण जरा थांबता का' म्हटलं. मला.

तेराव्या संध्याकाळी ती म्हणाली, अर्ज घेणारा माणूस भारतीय होता, असं आजोबा सांगायचे. खुर्चीतून उठून त्याने दोन्ही हातांनी कागद घेतला. त्याचं नाव तिला कुठे सापडलेलं नाही.

माझी जीभ माझ्या आधी उठली. म्हटलं, अगं, ते माझे आजोबा! मंडळाबरोबर टायपिस्ट म्हणून गेले होते. सिंहांच्या कळपातून टाइपरायटर डोक्यावर घेऊन.

कट्टा हसला. ती हसली नाही. तिने वही काढून तीन ओळी लिहिल्या, मग फोन काढला.

"काका, मी आईला सांगू? ती साठ वर्षांची आहे. तिला त्या माणसाचे आभार मानायचे आहेत."

बावीस वर्षांत माझ्या बोलण्यावर कोणी वही उघडली नव्हती. आई फोनवर रडली असती, मी ते शांतपणे स्वीकारलं असतं आणि तो मास्तर अर्धा माझा झाला असता. तिने फोन लावलाही होता, पलीकडे घंटी वाजायला लागली होती.

"ठेव तो," मी म्हटलं. "खोटं आहे. ते टायपिस्ट नव्हते. भवानी पेठेत गुळाच्या ढेपा उचलायचे. अंगठा लावायचे."

"ते आम्हाला माहीत होतं हो," बँकवाले म्हणाले.

तिने फोन बंद केला. तीन ओळींवर पट्टी ठेवून रेघ मारली. मग विचारलं, "तुमच्या आजोबांना अर्ज देता आला असता, तर त्यांनी काय मागितलं असतं?"

वाघ सात, सिंह कळपभर, आणि हे मात्र विचारून यावं लागणार होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी येरवड्याच्या थोरल्या आत्याला फोन लावला. ती म्हणाली, तुला आज बरी आठवण झाली. मग म्हणाली, पाठ दुखायची रे त्यांची. ढेप थोडी लहान बांधा, असं म्हणायचे. कोणाला म्हणायचे, तर घरी आम्हालाच.

संध्याकाळी तेवढंच सांगितलं, काहीही न वाढवता. तिने लिहून घेतलं. दीड ओळ झाली. तिचे आजोबा त्याच वहीत नंबरासकट चाळीस पानं आहेत आणि ती पानं मला अजून बघवत नाहीत.