तबकडीत न मावलेला तिसरा भाग

वॉटी गेडीस खोगिरं शिवायचा. चामडं ओढून ओढून हात राठ झालेले, आणि राग सदा नाकाच्या शेंड्यावर. घोड्याच्या पाठीला जखम दिसली की मालकाला भर बाजारात झापायचा. पण त्याच हातात फिडल, म्हणजे नाचाचं व्हायोलिन, आली की सगळं गाव खुर्च्या भिंतीला सारून नाचायला उभं राहायचं.

चाली त्याला आईनं दिल्या, आणि आईनं जन्मात फिडल धरली नव्हती. ती गाय पिळताना तोंडानं चाली म्हणायची. त्यातली एक तिची स्वतःची होती. पहिले दोन भाग नाचाचे. तिसरा खालच्या सुरांत उतरणारा, फिडलवर जाड तारेवर येणारा. तिचा धाकटा मुलगा जॉक मासेमारीच्या होडीसकट बुडाला, त्या हिवाळ्यात तिनं तो जोडला. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, नुसती म्हणत राहिली. वॉटी आणि त्याची बहीण माइमा, दोघांनी तो ऐकून ऐकून उचलला.

१९१२ साली तबकड्या काढणारे साहेब अ‍ॅबर्डीनच्या एका हॉटेलात आवाज टिपणारा कर्णा मांडून बसले आणि वॉटीला बोलावणं आलं. त्याला कर्ण्याच्या तोंडाशी इतकं खेटून उभं केलं, की गज फिरवायला जागा उरेना.

“बूट काढा,” साहेब म्हणाला. “पाय आपटलात की सुई उडते.”

तिसरा भाग सुरू होताच साहेबानं हात वर केला. “हा खालचा आवाज तबकडीच्या मेणात उमटत नाही. आणि वेळही पुरत नाही. पहिले दोनच पुन्हा वाजवा.”

कुणाच्या बापाचं न ऐकणारा वॉटी त्या दिवशी नुसत्या मोज्यांवर उभा राहून मुकाट्यानं दोनच भाग वाजवून आला. मध्येच कोपर कर्ण्याला धडकलं आणि एक सूर घसरला. साहेब म्हणाला, चालेल. साहेबाचं काय जात होतं?

बारा वर्षांत ती तबकडी घराघरांत पोचली. मग एल्गिनच्या सभागृहात फिडलची स्पर्धा भरली. पाववाल्याची मुलगी इसोबेल वॉटीच्या आईचीच चाल घेऊन उभी राहिली. दोन भाग, अगदी तबकडीतल्यासारखे. ठरल्या जागी सूरसुद्धा घसरवला! टाळ्यांचा कडकडाट झाला. मग वॉटीनं तिन्ही भाग वाजवले. इसोबेल पहिली आली, वॉटीचं नाव बक्षिसांच्या यादीतच नव्हतं.

तो तडक परीक्षकाकडे, पिरी मास्तरांकडे गेला.

“मास्तर, त्या पोरीनं माझं कोपर वाजवलं!”

“म्हणजे काय?”

“माझं कोपर कर्ण्याला आपटलं म्हणून सूर घसरला होता. त्याला तुम्ही गुण दिलेत?”

“ती त्या चालीची मुरड आहे, गेडीस. आता सगळे तशीच घेतात. तुम्ही मात्र शेवटी ते ठिगळ कशाला जोडलंत?”

“ठिगळ? माझ्या आईचं आहे ते! आणि तबकडीत वाजवणारा मीच आहे. तिच्यावरचं नाव वाचता येतं ना?”

“येतं की,” मास्तर शांतपणे म्हणाले. “म्हणून तर वाईट वाटतं. तेव्हा किती शुद्ध वाजवत होतात तुम्ही.”

वॉटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. का जाऊ नये? चुकीला बक्षीस, आणि आईच्या दुःखाला ठिगळ म्हणायचं! उंटावरच्या शहाण्याला खाली उतरून विचारायला काय झालं होतं?

घरी माइमा बटाटे उकडत होती. त्यानं सगळं ओरडून सांगितलं, मास्तरांच्या सात पिढ्या काढल्या.

“तूच म्हण बघू आईची चाल. म्हणजे कळेल त्या मास्तराला.”

माइमा म्हणू लागली. पहिला भाग झाला, दुसरा झाला, आणि ती परत पहिल्यावर आली.

“आणि पुढचा?”

“पुढचा कुठला? एवढीच आहे की.”

“तिसरा, माइमा! जॉकचा!”

ती झाकण हातात धरून आठवत राहिली. “असेलही,” ती म्हणाली. “पण वॉटी, तबकडीत तर नाही ना तो.”

मास्तरांसाठी त्याच्याकडे शिव्या होत्या, साहेबासाठीही होत्या. हिच्यासाठी एकही सापडेना. तिसरा भाग गाळायला मेणासमोर मान डोलावून आलो तो आपणच, हे त्याला तेव्हा कळलं. डोळे भरून आले, आणि त्याचाही त्याला संताप आला. त्यानं पेटीतून फिडल काढली.

“अरे, बटाटे—”

“जळू देत बटाटे!” तो ओरडला. “बस इथं. तिसरा येईपर्यंत उठायचं नाही.”