बटणाचा पक्का पत्ता

सोमवारी सकाळी सव्वादहाला हे सुरू झालं. तेव्हापासून इतके किस्से जमले की भाजी निवडतानाही एखादा आठवतो अन् मी एकटीच हसते. सासूबाई दारातून पाहतात.

कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं, म्हणून मी अकोल्याच्या जुन्या शहरात सलीमभाईंच्या ऑनलाइन सेंटरवर कामाला लागले. शाळेचे प्रवेशफॉर्म भरायची गर्दी. त्या सोमवारी सलीमभाईंनी कॉम्प्युटरला आपोआप फॉर्म भरायला बसवलं.

"वहिनी, त्याले फक्त बटणाचा पक्का पत्ता सांगा लागते. सिलेक्टर म्हंतात त्याले."

माझ्या लेकीचा, परीचा फॉर्मही त्यातूनच जायचा होता, शुक्रवारपर्यंत. माझा जीव टांगणीला!

*

पहिला पत्ता: 'वरून तिसरं बटण'. मंगळवारी वेबसाइटवाल्यांनी वर एक नवं बटण टाकलं. तिसरं झालं 'बाहेर पडा'. कॉम्प्युटर फॉर्म भरे अन् न पाठवता बाहेर पडे. सकाळभर!

"माह्या नवऱ्यासारखाच हाये," शेजारच्या टेबलवरच्या शांताकाकू म्हणाल्या. "अर्धं काम टाकून घराबाहेर!"

*

मग बटणाचा आयडी, म्हणजे वेबसाइटनं त्याला आतून दिलेलं नाव, घेतला. वेबसाइट उघडली की तो दर वेळी वेगळा!

सलीमभाईंनी कपाळाला हात लावला. "हे बटण हाये का फरार आरोपी?"

*

मग ब्राउझरलाच म्हटलं, पत्ता तूच दे. त्यानं दिला: डब्यात डबा, त्यातल्या दुसऱ्या डब्यात डबा... स्क्रीन भरून!

काकूंनी चष्मा लावला. "आमच्या चांदूर रेल्वे गावच्या घराचा पत्ता असाच हाये. चक्कीच्या मांगं, म्हैस बांधली तिथून डावीकडं. म्हैस इकली तवापासून पाहुना आला नाई!"

*

गुरुवारी सलीमभाईंनी बटणावरचे शब्दच पत्ता म्हणून दिले: 'अर्ज पाठवा'. जागा बदलो, रंग बदलो, शब्द तेच. फॉर्म धडाधड गेले!

फॉर्मसाठी लागणारा परीचा जन्मदाखला शुक्रवारी हाती आला. त्याच दिवशी वेबसाइटवर मदतीसाठी एक गप्पांची खिडकी, चॅटची, उघडली. नाव-वय भरायच्या रकान्याचा पत्ता मात्र आम्ही जुनाच ठेवला होता: 'पहिला रकाना'. आता पहिला रकाना त्या खिडकीचा! कॉम्प्युटर तिलाच फॉर्म समजून भरू लागला.

'नमस्कार! आपले नाव?'

'परी.'

'परी मॅडम, आपले वय?'

'सहा.'

'आपली अडचण सांगा.'

'आईचे शिक्षण सातवी.'

'आपली तक्रार नोंदवली आहे.'

आमच्या लक्षात येईस्तोवर मुदत संपली. मी रडायलाच बसले.

पुढच्या सोमवारी शाळेतून बाईंचा फोन. "परी मॅडम आहेत का? तक्रारीबद्दल बोलायचं होतं."

परीनं माझ्या हातून फोन घेतला. "मले शाळेत यायचं हाये. आईले बी घ्या."

बाई म्हणाल्या, "दोघी या."

कोणाच्या घरी शाळेचा फॉर्म भरायचा असन तं सांगजा: बटणासंगं रकान्याचाही पत्ता पाह्यजा. अन् फोन आला तं पोरीजवळच द्या.